आठवी टिकली

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार. दु. चार.

रुग्णालयातून संगीता सिस्टरांचा फोन. उद्या स. सहा वाजता एक डोके तयार करावयाचे आहे. "मामा, बाईमाणूस हाय. हळू हाताचं काम. तुमीच या." चिरंजीव विलास शेजारच्या खुर्चीवर गिऱ्हाइकाची दाढी करीत होता. त्यास ऐकू जाईल अशा आवाजात मी "येतो" म्हणालो.

लगेच जाऊन रुग्ण पाहून आलो. सौ. शालन, शाहूवाडीकडील, भाताची शेती. वय चाळिशीच्या आत. कपाळामागे गाठ आहे व ती डाव्या डोळ्याच्या नसेवर बसली आहे. डोक्यावर ठिकठिकाणी थोडे केस कापून आठ टिकल्या चिकटविल्या आहेत. त्या लावूनच स्कॅन झाले. उद्या यंत्र त्या टिकल्यांवरून गाठीची नेमकी जागा दाखविणार. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा बोलावले तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मला सांगितले होते, "मामा, शेताची मोजणी पाहिली आहे ना? हद्दीचे दगड धरून मोजतात. ही टिकली म्हणजे दगड. दगड हलला की मोजणी गेली."

त्याच दिवशी त्यांनी वस्तऱ्यास बंदी केली. वस्तऱ्याने कातडीस बारीक चिरा पडतात, त्यांतून जंतू शिरतात, म्हणून फक्त केस कापण्याचे मशीन. ते मला लागले होते. आता नाही. थोडे.

सौ. शालन: "मामा, समदं केस काढणार व्हय?"
मी: "नाही. दोन बोटे रुंद पट्टी. वर वेणी घातली की कोणास दिसणार नाही."
"मग बरं. सासू म्हणत हुती, मालक जित्ता असताना बोडकी हुतीस काय."
त्या हसल्या. मला हसू आले होते, परंतु कामाच्या ठिकाणी मी हसत नाही.

दि. १० फेब्रुवारी, मंगळवार. स. साडेआठ.

काम स्वच्छ झाले. आठही टिकल्या जागेवर. सिस्टरांनी मोजून कागदावर सही केली. सौ. शा. म्हणाल्या, "लई हलका हात हाय की तुमचा, मामा."

तोच दिवस. दु. तीन.

शस्त्रक्रिया झाली नाही. भूल दिल्यानंतर डॉक्टरसाहेबांनी यंत्राची कांडी एकेका टिकलीस लावून पाहिली, तेव्हा हिशेब जुळेना. कोणती तरी एक टिकली खोटे बोलत होती. कोणती, ते यंत्रास सांगता येईना. एक खोटी म्हटल्यावर उरलेल्या सातांवरही विश्वास राहिला नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले म्हणे, "डोळ्याच्या नसेशेजारी मी अंदाजाने हात घालणार नाही." बाईंना तसेच शुद्धीवर आणले. पुन्हा टिकल्या, पुन्हा स्कॅन, आणि पुढच्या मंगळवारी शस्त्रक्रिया.

तोच दिवस. सायं. सहा.

सकाळचे पहिले वाक्य खोटे आहे. खोडत नाही. तसेच राहू दे.

डाव्या कानामागील टिकलीच्या कडेस केसांचा झुबका राहिला होता. तसाच ठेवावयास हवा होता. परंतु अर्धवट काम मला पाहवत नाही. मशीन कडेने नेले आणि हात थरथरला. मशीनचा दात टिकलीखाली गेला व ती सुटून माझ्या तळहातावर आली. सिस्टर त्या वेळी पाठमोऱ्या होत्या, कपाटातून कापूस घेत होत्या. मी टिकली होती तेथे लावली. म्हणजे, होती असे मला वाटले तेथे. अंगठ्याने दाबली. केसभर इकडेतिकडे, असे मनास सांगितले. आमच्या धंद्यात केसभर म्हणजे काहीच नव्हे.

दि. ११ फेब्रुवारी, बुधवार.

डॉक्टरसाहेबांनी सर्वांना खोलीत बोलावले. मला खुर्ची दिली. वयामुळे. संगीता सिस्टर उभ्या.

"तयारीनंतर तपासून सही कोणी केली?"
"मी केली, सर. आठ मोजल्या. आठच हुत्या."
"आठ होत्या हे मला माहीत आहे. जागेवर होत्या का?"

सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिले. संशयाने नव्हे. आधारासाठी पाहिले. मी टेबलावरील कागददाबाकडे पाहत राहिलो.

नंतर साहेब मला म्हणाले, "मामा, तुमच्या वेळेस काही सैल वाटली का?"
मी म्हणालो, "नाही."

एक शब्द. चौथीपर्यंत शिकलो, खोटे बोलू नये हा धडा पहिलीतच झाला होता.

सिस्टरांना शस्त्रक्रियेच्या तयारीवरून काढून जनरल वॉर्डात पाठविले आहे. लेखी खुलासा मागितला आहे. जिन्यात भेटल्या. "जाऊ द्या मामा, तुमी कशाला तोंड पाडताय? तुमचं काय त्यात." कोडोलीस त्यांची आई अंथरुणास खिळलेली आहे. दिवसपाळी मिळावी म्हणून दोन वर्षे खटपट करून त्या तयारीच्या कामावर आल्या होत्या. जनरल वॉर्डास रात्रपाळी असते.

दि. १३ फेब्रुवारी, शुक्रवार.

सकाळी चहा. सूनबाईने कपबशी दिली. दिवाळीपासून मी पेल्यातून, दोन्ही हातांनी घेतो. आज ती विसरली. बशी वाजली.

विलास: "आण्णा, बशी वाजाय लागली की."
मी: "बशीचे बूड सरळ नाही."
विलास: "बशी माझ्या हातात वाजत न्हाय."

पुढे तो हळू आवाजात बोलला, ते अधिक लागले. "दुकानात तुमाला वस्तरा का देत न्हाय, तुमाला काय वाटलं? गर्दी न्हाय म्हणून?"

म्हणजे त्यास ठाऊक होते. मला वाटत होते की मी लपविले आहे. आणि दुकानात जे हात चालत नाहीत, ते मी रुग्णालयात माणसाच्या डोक्यावर—

हस्ताक्षर पाहिले. जुन्या वहीतील वेलांट्या व या वहीतील वेलांट्या. पाहून वही मिटली.

दि. १४ फेब्रुवारी, शनिवार.

सौ. शा. यांना भेटावयास गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. उंबऱ्यातून "कशा आहात?" असे विचारले.

"कोण, मामा व्हय? आवाजावरनं वळखलं. जरा उजवीकडं या. डावीकडचं लई अंधुक झालंय दोन दिसांत."

मी उजवीकडे गेलो.

त्यांचे यजमान खाली सतरंजीवर बसले होते. "पावणं, बसा. तुमी तुमचं काम चोख केलासा. त्या नर्सबाईनं घोळ घातला बगा. आमच्याकडं रोपसुद्धा दोरी लावून लावत्यात, आन हितं माणसाच्या डोक्याला दोरी न्हाय!"

सौ. शा.: "आवो, हळू बोला. त्या बाई रोज माजी इचारपूस करत्यात."

मी पाणीसुद्धा घेतले नाही. पेला धरावा लागला असता.

दि. १५ फेब्रुवारी, रविवार.

महाशिवरात्र. उपवास. पत्र लिहावयास बसलो. "माननीय डॉक्टरसाहेब यांस, सविनय निवेदन की, मंगळवारी सकाळी माझ्या हातून—" येथपर्यंत चार वेळा लिहिले. 'माझ्या हातून' हे शब्द आले की हात थांबतो. पाचव्या वेळी 'अनवधानाने' असा शब्द घातला. तोही खोटा. अनवधान नव्हते. मी अगदी अवधान देऊन ती टिकली परत चिकटविली.

पाचही कागद खिशात आहेत.

दि. १६ फेब्रुवारी, सोमवार.

नव्या आठ टिकल्या लावल्या. पुन्हा स्कॅन झाले. या खेपेस प्रत्येक टिकलीभोवती शाईने गोल काढला आहे. हलली तर दिसावी म्हणून. आधी का काढला नाही? आधी माझ्यावर विश्वास होता.

नव्या सिस्टरांचा फोन. "सर म्हणाले, मामांनाच बोलवा. उद्या सहाला." मी हो म्हणालो. पट्टीवर आठवड्याचे खुंट आले आहेत, ते पुन्हा काढावयाचे.

रात्री जनरल वॉर्डाच्या व्हरांड्यात संगीता सिस्टरांना गाठले. उभ्याउभ्याच सांगितले. कानामागची. सातआठ शब्दांत झाले. पाच कागदांत होत नव्हते.

त्यांनी हातातील ट्रे कठड्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "मामा, मी तुमच्याकडं बघितलं हुतं त्या दिशी."
"हो."
"तवाच का न्हाय बोलला?"
उत्तर होते. मला खुर्ची दिली होती, तो मान सोडवेना.

"मी सहा दिवस डोळे मिटून त्या आठ मोजतीया. वाटलं मलाच मोजता येत न्हाय." पदर नसताना पदराने पुसावे तसे त्यांनी मनगटाने तोंड पुसले. "मला सांगून काय उपेग? सायबास्नी सांगा. आन उद्या मशीनला हात लावू नका, एवढं तरी माझं ऐका."

रागावल्या असत्या तर बरे झाले असते. 'ऐका' म्हणाल्या. 'ऐक' म्हणावयास हवे होते.

दि. १७ फेब्रुवारी, मंगळवार. स. साडेनऊ. शस्त्रक्रियागृहाबाहेरील बाकावर.

घडले ते क्रमाने लिहितो.

सहा वाजता नव्या सिस्टरांनी मशीन माझ्यापुढे केले. मी म्हणालो, "मशीन आपण धरा. मी केस धरतो." त्या गोंधळल्या.

सौ. शालन: "का वो मामा? तुमीच करा की."
मी म्हणालो, "माझा हात कापतो."

हे वाक्य मी आजवर कोणासमोर उच्चारले नव्हते. उच्चारल्यावर खोलीत काही पडले नाही, फुटले नाही.

"मग त्या दिशी?"
"त्या दिवशीही कापत होता. टिकली माझ्याकडून सुटली. सिस्टरांकडून नव्हे."

नव्या सिस्टर मशीन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सौ. शा. समोर भिंतीकडे पाहत होत्या. किती दिसत होते, देव जाणे. मला वाटले, आता म्हणतील, ह्याला बाहेर काढा. म्हणावयास हवे होते.

त्या म्हणाल्या, "केस घट धरा. सुटू देऊ नका."

मी धरले. मुठीत काही घट्ट धरले की हात कापत नाही, हे मला आज कळले. मशीन दोन बोटांच्या पट्टीवरून गेले. एकही गोल मोडला नाही. नंतर उरलेल्या केसांची वेणी घातली. तीन पेड, सैल, मानेस टोचू नये अशी. त्यांनी वेणीवरून हात फिरवून पाहिला.

बाहेर डॉक्टरसाहेब हात धुवीत होते. कोपरापर्यंत, नखांखाली, ब्रशाने. मी उंबऱ्याअलीकडे उभा राहून म्हणालो, "साहेब, एक सांगावयाचे आहे."
ते वळले नाहीत. "आत्ता नको मामा. आत्ता माझ्या डोक्यात त्या गाठीशिवाय काही नको. बाहेर आलो की सांगा."

दार लागले.

स. अकरा.

संगीता सिस्टर रात्रपाळी संपवून घरी गेल्या नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकास बसल्या आहेत. मध्ये दोन माणसे बसतील इतकी जागा. सौ. शा. यांचे यजमान खिडकीशी. त्यांना मी अद्याप सांगितलेले नाही. त्यांनी मघाशी मला केळे दिले. ते खिशात आहे, त्या पाच कागदांशेजारी.

दु. एक.

दारावरील दिवा अजून तांबडाच. आतून एक सिस्टर आल्या व काहीतरी घेऊन परत गेल्या. तोंडावर पट्टी, त्यामुळे चेहऱ्यावरून काही समजले नाही.

बसल्याबसल्या एकच विचार करीत आहे. साहेब बाहेर आले की प्रथम डोळ्याचे विचारावे, की प्रथम माझे सांगावे? प्रथम विचारले आणि डोळा वाचला असे ते म्हणाले, तर त्या आनंदात माझी जीभ पुन्हा तशीच टाळ्यास चिकटेल. मी स्वतःस ओळखतो. आणि नाही वाचला असे म्हणाले, तर मग माझे सांगणे—

तांबडा दिवा विझला. संगीता सिस्टर उठल्या आहेत. मीही उठतो. प्रथम माझे