पत्ता बरोबर, पेशंट चुकलेला

ती. आत्या,

पायांवर डोकं ठेवलं असं समज (खरं तर चिखलाने गुडघे धरलेत, वाकले तर उचलायला दोघी लागतील). तुझा खोकला काय म्हणतो? आतोबांना नमस्कार सांग. ओरडून सांग, म्हणजे पोचेल.

माझी निर्वासितांच्या छावणीतली नोकरी चालू आहे. गरोदर बायका आणि तान्ही पोरं तपासत तंबूतंबूतून फिरते. यंदा शहरातल्या साहेबांनी टॅबलेट दिलाय (गोळी नव्हे गं, पाटीएवढा फोन). बाईच्या तंबूपाशी उभं राहून बटण दाबलं, की साहेबांच्या भिंतीवर हिरवा ठिपका उमटतो. म्हणजे मी कामचुकार नाही. पुढे वादळात नाल्याकाठचे तंबू उडाले आणि सगळी वस्ती टेकाडावर गेली. हे टॅबलेटला कोण सांगणार? साहेब म्हणाले, "नकाशा वरून बदलतील." वरून म्हणजे कुठून, देव जाणे. तोवर मी आधी जुन्या जागी, ओसाड मैदानात उभं राहून बटण दाबायची, मग टेकाड चढून बाईला बघायची. लोक मला वेडी समजायचे. साहेबांनी शाबासकी पाठवली.

मग शिंप्याच्या बायकोचे पाय सुजले, रक्तदाब चढला. दिवस भरत आलेले. मी लाल बटण दाबलं, तंबू हलल्याचंही कळवलं. रुग्णवाहिका निघाली ती थेट मैदानात. मी ओढणी हलवत, ठेचकाळत खाली पळाले. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "बाई, पत्ता बरोबर आहे. पेशंट चुकलाय." पडद्यावरची वाट सोडली तर म्हणे त्याची नोकरी जाते. साहेबांचा फोन लागेना. शेवटी शिंप्याने आणि मी तिला चादरीच्या झोळीतून खाली आणलं. वाटेतच बाळंत झाली. ती वाचली. मुलगी रडलीच नाही.

चौकशी झाली. गाडी वेळेत पोचली, पेशंट जागेवर नव्हता, असं ठरलं. सगळे सुटले. (मीसुद्धा.)

तुझी भाची

ता. क. बाकी इकडे सगळं ठीक. काळजी करू नकोस.

ता. क. खरं काम राहिलंच. तुझा जावई कॉम्प्युटरवाला ना? त्याला विचार, हे बंद कसं करायचं. शिंप्याच्या बायकोच्या फोनवर दर आठवड्याला साहेबांच्या यंत्रातून आपोआप निरोप येतो : 'अभिनंदन! तुमचं बाळ आता हसू लागलं असेल.' तिला वाचता येत नाही. फोन घेऊन माझ्याकडे येते. मी सांगते, पावसाचा अंदाज आहे. काल आभाळ निरभ्र होतं. तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली.