गुडघ्याला कागद वाचता येत नाही

बाई, आज मी एका मुलीला खेळायला नाही म्हटलं, आणि तेव्हापासून मनात तुमच्याशीच बोलते आहे. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. मी फिजिओथेरपिस्ट झाले हे तुम्हाला ठाऊक होतं. आता घोडबंदर रोडवर माझा दवाखाना आहे. ही मुलगी खडवलीची, खो-खो खेळते. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन सात महिने झालेत आणि रविवारी राज्याच्या संघाची निवड आहे. सर्जननी सांगितलंय, फिजिओनी पत्र दिलं तरच मैदानात उतरायचं. म्हणजे सगळं माझ्या सहीवर आलं. एका पायावर उड्या मारून झाल्या, धावून झालं, उठाबशा झाल्या. वरवर पाहता सगळं बरं होतं. "मॅडम, एकदम ओके आहे, कालपण रनिंग केलेलं," ती म्हणाली. तिची आई मागून, "द्या ना लिहून मॅडम. एवढं सिलेक्शन झालं की करेल ती आराम." मी पेन उघडलं होतं, बाई, खोटं कशाला सांगू.

मोहन्याच्या शाळेचं मैदान आठवलं, कारखान्याच्या भिंतीला लागून असलेलं. मी दहावीत, तुमच्या खो-खोच्या संघात. गुडघा मुरगळून दीड महिना प्लॅस्टरमध्ये होता, आणि जिल्ह्याच्या सामन्यांना आठवडा राहिलेला. आईने डॉक्टरांकडून फिट सर्टिफिकेट आणलंय. त्यांनी मान वर न करताच लिहून दिलंय, खेळण्यास हरकत नाही. मी क्रेप बँडेज बांधून तुमच्यासमोर उभी राहते, तुम्ही बँडेजकडे बघून हसता. "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, ते हेच का गं?" मग कागदाची घडी करून पर्समध्ये टाकता. "गुडघ्याला कागद वाचता येत नाही. तू सांग. जिना उतरताना पाय सटकतो का?" त्या आठवड्यात आमच्या चाळीच्या जिन्यावर तो दोनदा सटकला होता. दुसऱ्यांदा तर कठडा धरला म्हणून वाचले. मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही बाई." तुम्ही आणखी एकदा विचारलंत, मी आणखी एकदा नाही म्हटलं. तुमचा माझ्यावर विश्वास होता, आणि मला तर खेळायचंच होतं.

उपांत्य सामन्यात खांबाला वळसा घालताना पाय एकीकडे आणि मी दुसरीकडे गेले. त्यानंतर मी कधी खेळले नाही. पण हे सांगायचं कारण ते नाही. चार दिवसांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत आई तावातावाने म्हणाली, "यांना ढाल हवी होती, म्हणून पोरीला पळवली." सरांनी मला विचारलं, "बाईंनी तुला त्रास होतो का, असं विचारलं होतं का?" तुम्ही समोरच उभ्या होतात. मी फरशीकडे बघत राहिले. मग तुम्हीच म्हणालात, "चूक माझी आहे, सर." सगळं खापर तुमच्या डोक्यावर फुटलं. संघ चित्रकलेच्या सरांकडे गेला आणि तुमच्याकडे फक्त भूगोल राहिला. तरी तुम्ही दर शनिवारी आमच्या घरी यायचात. जुन्या साडीच्या कापडाची पिशवी शिवून, तिच्यात वाळू भरून आणली होतीत. ती घोट्याला बांधून माझ्याकडून पाय उचलून घ्यायचात. आई चहा द्यायची, पण तुमच्याशी बोलायची नाही. मला तेव्हा तुमचा राग यायचा. तुम्ही मला ओरडला असतात, तर मी सुटले असते.

आज मी पेन मिटलं आणि मुलीच्या आईला बाहेर बसायला सांगितलं. मग पोरीला तुमचाच प्रश्न विचारला. ती आधी नाही म्हणाली. मी तिचा गुडघा पुन्हा हातात घेतला. थोड्या वेळाने ती पुटपुटली, "दोनदा सटकलेला. पण पडले नाही ना, मॅडम." मी पत्र दिलं नाही. अजून तीन महिने व्यायाम, मग पुन्हा तपासू, असं लिहिलं. तिची आई आत आली आणि रागावून रिपोर्ट गोळा करायला लागली. पोरगी मुसमुसून रडली. रविवार तिचा गेलाच, आणि पुढच्या वर्षी तिला कुणी बोलावेल की नाही, हे मला सांगता येत नाही. तिला धीर यावा म्हणून मी माझी गोष्ट सांगितली. जिना, खोटं, खांब, सगळं. ती डोळे पुसत ऐकत होती.

"मग तुमच्या बाईंचं काय झालं?" तिने विचारलं.

बाई, इतकं सगळं सांगितलं होतं मी तिला. मुख्याध्यापकांच्या खोलीतलं अजून एक वाक्य, एवढंच उरलं होतं. मी म्हटलं, "त्या रिटायर झाल्या."