चिठ्ठी नंबर दोनशे सोळा

५ डिसेंबर

प्रिय ताईंना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. आईंचे गुडघे नेमाने दुखतात, डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब घालते. डॉक्टरांनी नवीन काही सांगितलेलं नाही. कडेचं दिसतं, मधलं धूसर. तुमचे बंधुराज मजेत. पेपर हातात असला की घराला आग लागली तरी पान संपवूनच उठतील.

पत्र लिहायचं कारण म्हणजे रविवारचा फोन. पार्सल अजून आलं नाही म्हणालात आणि मी "येईल हो, येईल" करून विषय बदलला. फोन स्पीकरवर, आई शेजारी. त्यांच्यासमोर काय बोलणार? सात महिने खपून केलेली वस्तू, हरवली म्हटलं असतं तर त्यांनी हाय खाल्ली असती. तर ताई, स्वेटर मी माझ्या हाताने घडी घालून, कागदात बांधून, वर तुमचा पत्ता लिहून घरातून नेला. लाँड्रीत कामाला जाताना वाटेवर पोस्ट लागतंच. आता पोस्टाचं काय सांगावं? तुम्ही काळजी करू नका आणि आईंना फोनवर विचारू नका.

झाला मात्र देखणा हं. तुम्ही कार्डिगन म्हणता, आमच्या लेखी पुढून उघडा स्वेटर. मोहरीच्या रंगाचा, मांडीपर्यंत लांब, चांगला ढगळ, रोज उठून कशावरही चढवावा असा. खिसे तर इतके खोल की चाव्यांचा जुडगा, चष्मा, रुमाल सगळं आत जातं आणि वर हात घालायला जागा उरते.

रंग मीच निवडला. "कुठला घेऊ गं?" असं आईंनी विचारलं आणि मी म्हटलं, मोहरी. आणि माप? तेही माझंच. संध्याकाळी दुकानातून आले की "उभी राहा," की मी खांबासारखी उभी. हात पसर, पाठ कर, श्वास सोड. पिना टोचल्या त्या वेगळ्याच. कुणासाठी चाललंय ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. मला आपलं वाटत होतं की... असो. काय वाटायचंय? शेवटचं बटण लावून झालं तशा म्हणाल्या, "तुमच्या दोघींची अंगकाठी एकच, तिला चपखल बसेल. नीट बांध आणि ताईला धाड. तिकडे थंडी फार." मी म्हटलं, बरं.

तुम्हाला एक गंमत सांगते. रविवारी तुमचा फोन यायच्या आधी आई केस विंचरतात, अंबाडा घालतात, पातळाची निरी सारखी करतात. फोनवर काय दिसतं हो? पण नाही. सोमवार ते शनिवार त्या केसांना मी हात लावायला गेले तर "राहू दे" म्हणतात. तुम्ही तिकडून "अगं आई" म्हटलंत की त्यांचा आवाज बदलतो. मी एकोणीस वर्षं इथे "अहो आई, अहो आई" करते आहे.

बाकी क्षेम.

आपली,
वहिनी


२४ जानेवारी

ताई,
सप्रेम नमस्कार. थंडी कमी झाली का? इकडे आहेच.

पोस्टाच्या पावतीचा नंबर कळव, असं तुम्ही दोन्ही पत्रांत लिहिलंत, खाली रेघ मारून. रेघ मारायची गरज नव्हती, मला वाचता येतं. शोधते आहे. अकरा वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर बसते, एका गिऱ्हाइकाचा रुमाल इकडचा तिकडे झालेला नाही. प्रत्येक कपड्याला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला नंबर. आमचे इस्त्रीवाले काका म्हणतात, "बाईंच्या नजरेतून बटणसुद्धा सुटत नाही." तेव्हा त्या पावतीवरून तुम्ही मला एवढं टोचायला नको होतं.

आणि खिशात चाव्या मावतात हे मला कसं कळलं, असं विचारलंय. घालून बघितला होता हो एकदा, बांधायच्या आधी. एवढाही हक्क नाही का?

पार्सल हरवलं हे तुम्ही शेवटी फोनवर बोललातच. नको म्हटलं होतं ना? आई हाय खातील या भीतीने मी त्यांच्याकडे बघतच होते. कसलं काय! दुसऱ्या दिवशी मला लोकर आणायला पिटाळलं. "ताईला दुसरा करते." दुकानात मोहरी रंग संपला होता म्हणून विटकरी आणला. (मोहरी होता. ढीगभर होता. आणवला नाही.) घरी आल्यावर पुन्हा "उभी राहा." राहिले.

पण ताई, आता ते काम त्यांच्याच्याने होत नाही. क्रोशाच्या सुईने विणताना ओळीचा शेवटचा टाका कडेला लपून बसतो. तो सुटला की पुढची ओळ एका टाक्याने कमी. लग्न झाल्यावर आईंनी मला शिकवायला घेतलं होतं तेव्हा मी हीच चूक करायची. चौकोनी रुमाल करायला बसले आणि त्रिकोण झाला. आईंनी तो सगळ्यांना दाखवला. तुम्ही सुटीला आला होतात, आठवतंय? तुम्ही जरा जास्तच हसलात. मी सुई ठेवली ती ठेवलीच.

आता आईंच्या विटकरी स्वेटरची पाठ तशीच निमुळती होत चालली आहे. ब्याण्णव टाक्यांनी सुरू केली, परवा मी मोजले तर एक्क्याऐंशी. त्यांना सांगायचं कुणी? दुपारी दुकान दोन तास बंद असतं, मी जेवायला घरी येते, तेव्हा आई झोपलेल्या असतात. तेवढ्या वेळात चुकलेल्या ओळी उसवते आणि मोजून मोजून पुन्हा विणून जागच्या जागी ठेवते. उठल्यावर त्या हात फिरवतात आणि पुढे विणू लागतात. बरं चाललंय. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे.

"तेवढं तरी" कशाला लिहिलं, असं पुन्हा रेघ मारून विचारू नका.

वहिनी


१९ मार्च

ताई,
नमस्कार.

पार्सलचा नंबर हवा होता ना? घ्या. दोनशे सोळा. पोस्टाचा नाही, आमच्या लाँड्रीचा.

हे पत्र तुम्हाला स्वेटरच्या उजव्या खिशात सापडलं असेल. म्हणजे मोहरी रंगाच्या. तो हरवला नव्हता. मी घेतला होता.

पोस्टात गेले होते, ते खोटं नाही. रांगेत चौथी होते. उभ्या उभ्या पत्ता वाचत होते. माझंच अक्षर आणि नाव तुमचं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. माप माझं, रंग माझा, पिना माझ्या पाठीत, आणि ऊब कुणाला तर जिला वर्षातून एकदा यायला सवड मिळते तिला! रांगेतून बाहेर पडले. दुकानात जाऊन कागद टराटरा फाडला आणि चढवला. इतकं बरं वाटलं ताई, की लाजसुद्धा वाटली नाही. लाज वाटली ती संध्याकाळी, आईंच्या डोळ्यांत थेंब घालताना.

घरी नेता येईना. मग गिऱ्हाइकं विसरून जातात त्या कपड्यांच्या दांडीवर, एका मोठ्या कोटाच्या मागे, हँगरवर टांगला. चिठ्ठी लावली, २१६. सकाळी काढायचा, दिवसभर घालायचा, शटर ओढायच्या आधी परत टांगायचा. लोकरीचं विणलेलं टांगू नका, लोंबतं, घडी करून ठेवा, हे मी लोकांना दिवसातून दहादा सांगते. स्वतः तीन महिने टांगला. आता तो चांगला चार बोटं लांब झालाय आणि खांद्यांवर हँगरचे दोन उंचवटे आलेत. धुऊनही जात नाहीत. काका एकदा म्हणाले, "बाई, हे गिऱ्हाईक कधी येणार?" मी म्हटलं, लांब राहतं.

गेल्या महिन्यात दुकानातला पाण्याचा नळ तुटला. त्या गडबडीत अंगातला स्वेटर काढायची आठवणच राहिली नाही, तशीच घरी आले. तुमच्या बंधुराजांच्या समोरून गेले. म्हणाले, "चहा टाकतेस का?" त्यांना एवढंच दिसलं. पण आईंच्या डोळ्यांत थेंब घालायला वाकले आणि बाही त्यांच्या हाताला लागली.

धरून ठेवली. अंगठा टाक्यांवरून एकदा वर नेला, एकदा खाली आणला.

"पोस्टाने फारच लांबचा फेरा घेतलेला दिसतोय," म्हणाल्या.

मी थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं.

"काखेत काचतो का?"

"नाही."

"बाह्या?"

"दोनदा दुमडते."

"वाटलंच होतं मला, जास्त झाल्या म्हणून." मग बाहीची दुमड सारखी करत, "मागितला का नाहीस?"

"तुम्ही दिला का नाहीत?" ताई, एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. आवाजही चढला. "सात महिने मला उभी करून पिना टोचल्यात आणि बांधायलाही मलाच लावलंत!"

"ताईने मागितला, मी केला. ती मागते. तू कधी काही मागितलंस? सदा घुमी. मला काय स्वप्न पडणार होतं?" असं म्हणाल्या आणि बाही सोडली. मला वाटलं, आता तुम्हाला फोन लावायला सांगतील. पण म्हणाल्या, "न विचारता माझी वस्तू अंगावर घालून हिंडणारी या घरात आजवर एकच होती. माझी शाल पळवून कॉलेजात जायची." आणि मान मागे टाकली. "चल, घाल आता थेंब. रडायचं ते नंतर रड, माझ्या डोळ्यात पडेल."

दुपारच्या ओळींचंही त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "माझा हात एवढा घट्ट नाही. तू सुई कुणाचा गळा आवळल्यासारखी ओढतेस." कुणाचा ते मी सांगितलं नाही. तुम्ही ओळखलं असेल.

त्या दिवसापासून चोरी संपली. संध्याकाळी मी विणायची आणि त्यांनी मांडीवर कड घेऊन बसायचं. ओळ संपली की बोट टेकवून बघायच्या, शेवटचा टाका आहे का. नसला तर हातावर चापट. असा विटकरी पुरा झाला, गेल्या आठवड्यात. काय ध्यान झालंय म्हणून सांगू! पाठ खालून सैल, वरून घट्ट. एक बाही त्यांच्या हातची, एक माझ्या, आणि दोन्हींत बोटभराचा फरक. कुठे हात बदलला ते बंधुराजांनासुद्धा पेपर खाली ठेवून दिसलं.

मी विचारलं, "हा ताईंना पाठवायचा ना?" मनात म्हटलं, पाठव म्हणाल्या तर मोहरी मला राहील. खरंच, असंच म्हटलं मनात. सुधारले वगैरे समजू नका.

आई म्हणाल्या, "छे! ती नावं ठेवील. तिच्या नावाने केला तो तिला धाड. हा राहू दे आपल्याला."

आपल्याला, म्हणाल्या.

ताई, आईंनी सुई आता माझ्याकडे दिली आहे. डॉक्टर म्हणाले तसं मधलं धूसर आता कडेपर्यंत आलंय. फोनवर त्या तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांच्या हातचं नवीन काही आता होणार नाही. पहिल्या साखळीपासून शेवटच्या बटणापर्यंत सगळा त्यांचाच असा हा एकच, आणि तो मी तुम्हाला पाठवते आहे. काल हाताने धुतला, टॉवेलवर पसरून वाळवला. द्यायचं फार जिवावर आलंय. हे लिहिते आहे तोवर तो अंगातच आहे. पत्र संपलं की काढणार आणि बांधणार. या वेळी रांगेत बंधुराजांना उभं करणार आहे, माझा भरवसा नाही.

डाव्या खिशात पिवळी चिठ्ठी आहे, २१६. फेकू नका, किंवा फेका. तुम्हाला रागवायचं असेल तर पत्रात रागवा, फोन स्पीकरवर असतो. आणि जमलं तर या उन्हाळ्यात या. आईंना तुमचा चेहरा कडेकडेने का होईना, अजून दिसेल.

एक शेवटचं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गेल्या मंगळवारी दुकानातून आले तर आई केस विंचरून, अंबाडा घालून पलंगावर बसलेल्या. मला वाटलं, माझाच वार चुकला. म्हटलं, "ताईंचा फोन यायचाय का?"

"नाही," म्हणाल्या. "सहा वाजले. तू यायचीस ना."

आता दुखू द्या थोडं तुमच्याही पोटात. मी एकोणीस वर्षं सोसलंय. फारच दुखलं तर स्वेटर घाला, बाह्या दोनदा दुमडा, हात खिशात घाला. बरं वाटतं. मला ठाऊक आहे.

तुमच्याच मापाची,
वहिनी