तालमीच्या मातीवर तुमचा पुतळा

अण्णा, तुमचा पुतळा तयार झालाय. छातीपासून वरचा, फायबरचा, वरून तांब्याचा रंग दिलेला. ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी कळवायला पाहिजे आणि घरात माझ्याइतकं रिकामं दुसरं कुणी नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. हुबळीहून, सुरतेहून, जिथं असेन तिथून शेजाऱ्याच्या मोबाईलवर फोन करायचो. तुम्ही धापा टाकत यायचात, ‘जेवला का’ एवढंच विचारायचात आणि फोन आईच्या हातात द्यायचात. माझं शिक्षण किती ते तुम्हाला ठाऊक आहे. चुका निघाल्या तर मास्तरांना बोल लावा, ते तरी पगार घेत होते.

बाजाराच्या मागची बाग आठवत असेल. बाग कसली, चार कडुलिंब, एक मोडकी घसरगुंडी आणि मागच्या कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली तुमची तालीम. आता तिचं सुशोभीकरण चाललंय. हा शब्द ऐकला की न्हाव्यानं न विचारता तोंडाला पावडर फासल्यासारखं वाटतं. सगळीकडं लाल-पिवळ्या फरशा ठोकल्यात. गवत होतं तिथं प्लास्टिकचं गवत अंथरलंय, आणि याला पाणी लागत नाही म्हणून बाग समितीवाले छाती काढून सांगतात. त्याच्या शेजारीच कारंजं बांधलंय. ते कशावर उडणार, हे कुणी कुणाला विचारत नाही. एक सिमेंटचं हरीण आहे, त्याला मिशा असल्यासारख्या वाटतात, रंगाऱ्याचा हात हलला असणार. फोटो काढायला माणसाएवढी उंच अक्षरं उभी केलीत, म्हणजे आपण कुठल्या गावात आहोत ते गावातल्याच माणसांना कळावं.

पण खरी गर्दी झालीय ती मेलेल्यांची. बागेला देणगी दिली की आपलं एक मेलेलं माणूस आत आणता येतं. बाकावर कुणाची आई, छत्रीवर कुणाचे आजोबा. एकानं तर कचऱ्याचे डबे दिले आणि प्रत्येक डब्यावर वडिलांचं नाव घातलं. बापाच्या नावाखाली लोक केळीची सालं टाकणार, एवढं त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. एक बाक भिंतीकडं तोंड करून बसवलाय, कारण उलटा फिरवला तर रस्त्यावरून नाव दिसत नाही. बसणाऱ्यानं खुशाल भिंत बघावी. आणि जुन्या लढ्यात गेलेल्यांच्या नावांचा तो दगडी खांब, ज्याच्या सावलीला तुम्ही हमालीची पोती उतरवून झाली की डबा सोडायचात, तो नव्या डिझाइनमध्ये बसत नाही म्हणून पत्रे लावून झाकलाय. गावासाठी गेले ते पत्र्याआड, आणि घरात खाटेवर गेले त्यांना बाक. मला कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, बागेत जित्या माणसांना बसू द्या की. मेलेल्यांना बसून करायचंय काय?

कर्नाटकात एका गावात मी हॉटेलात कामाला होतो. मालक कन्नडमधून शिव्या द्यायचा आणि रात्री मराठीतून माफी मागायचा, लई मजेचा माणूस. जेवायला घालताना मात्र हात आखडता नव्हता. तर त्या गावच्या चौकात एक पुतळा निळ्या कापडात गुंडाळून उभा होता. उद्घाटनाला मोठा नेता पाहिजे आणि नेत्याला वेळ नाही. मी तिथं होतो तोवर तो उघडला नाही. कापड विटलं, फाटलं, नवीन गुंडाळलं. पोरं त्याला गाठोडं म्हणायची. ‘गाठोड्यापाशी भेटू’ असं ठरवायची. आत कोण आहे ते मालकालाही धड सांगता आलं नाही. मला तेव्हा हसू आलं होतं. गाठोड्यात एक दिवस तुमची पाळी येईल असं काही मनात आलं नव्हतं.

बाग समितीचा अध्यक्ष कोण ते ऐका. तुमचाच पठ्ठ्या. दोन जोर मारले की तिसऱ्याला पोटावर झोपायचा आणि तुम्ही पायानं ढोसलं की ‘वस्ताद, माती हुंगतोय’ म्हणायचा, तो. आता बांधकामाची कंत्राटं घेतो, बोटांत अंगठ्या, गळ्यात साखळी, मागं दोन माणसं. त्यानंच ठरवलं की वस्तादांचा पुतळा पाहिजे. जागा कुठली काढली, तर तालमीतला कुस्तीचा हौद. जी माती तुम्ही ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलीत, रोज पहाटे फावड्यानं उलथीपालथी केलीत, ती उपसून टाकायची, सिमेंट भरायचं आणि वर तुम्हाला बसवायचं. ‘वस्तादांनी जिथं पोरं घडवली तिथंच वस्ताद’, असं तो सगळीकडं बोलत हिंडत होता. ऐकणारे माना हलवायचे.

तालीम बंद नाही, अण्णा. रिक्षा चालवणारा तुमचा तो काळा उंच पठ्ठ्या पहाटे पोरांना शिकवतो. पोरीही येतात. एक तर तेर गावावरून पहिल्या एसटीनं बापाबरोबर येते. तुमच्या वेळी बाईमाणसानं हौदात पाय ठेवलेला चालत नव्हता, तुम्हालाही नाही. रागवायचं तर रागवा, पण ती खेळते चांगली. मापं घ्यायला अध्यक्ष आला त्या सकाळी मी तिथंच पायरीवर बसलो होतो. ती पोरगी फावड्यानं माती उलथत होती. त्याच्याबरोबरचा ठेकेदार टेप घेऊन बुटांसकट सरळ हौदात उतरला. पोरगी फावडं न थांबवता म्हणाली, “काका, बूट भायेर.” ठेकेदारानं अध्यक्षाकडं बघितलं. आणि अध्यक्ष काठावर मोज्यांवर उभा होता. सवयीनं त्याचे बूट आधीच निघाले होते. वाकून माती कपाळाला लावायलाही हात खाली गेला होता. मग त्याला सगळे बघतायत हे जाणवलं. त्यानं हात झटकला, बूट परत पायात घातले, नाड्या बांधल्या आणि उतरला मातीत. अण्णा, मी बरीच गावं फिरलोय, हलकट माणसं कमी बघितली नाहीत. पण पायातून निघालेले बूट परत घालून मातीत उतरणारा हा पहिलाच.

पुतळ्याला घरच्यांची, म्हणजे आईची आणि माझी, दोघांची सही लागते म्हणे. म्हणून ती मंडळी शाल, नारळ, पेढे घेऊन घरी आली. अध्यक्ष आईच्या पाया पडला. मी म्हणालो, पुतळा बसवा, पण फाटकापाशी. तर तिथली जागा एका देणगीदाराच्या सासऱ्यांना गेली होती. मग पोरांनी जायचं कुठं, असं विचारलं. तो म्हणाला, “मातीचा जमाना गेला. आता सगळं मॅटवर. स्टेडियमला पाठवू पोरांना.”

“मग पुतळाच न्या की मॅटवर. पोरं ऱ्हाऊ द्या मातीत.”

रिक्षावाला दारात उभा होता, तो खाली बघून हसला. मला जोर आला. मी त्यांना गुरुपौर्णिमेची गोष्ट सांगितली. पठ्ठ्यांनी तुम्हाला जबरदस्तीनं फेटा बांधून फोटो काढला, तालमीत मारुतीशेजारी लावला, हार घातला. तुम्ही संध्याकाळी बाजारातून आलात, अंगावर पोत्यांची धूळ, आणि तो हार बघून सगळ्यांना उभं केलंत. माझ्याही पाठीत एक बसली, मी नुसता बघत होतो तरी. ‘मेलोय का रे मी? मातीकडं तोंड करा, माझ्याकडं काय बघताय,’ म्हणालात आणि फोटो खिळ्यासकट उपटलात. मी म्हणालो, ज्या माणसानं फोटो ठेवू दिला नाही त्याचा पुतळा करताय, लाज वाटू द्या.

तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बोलली. “उपटला, पण टाकला न्हाय. घरी घिऊन आले. रातच्याला मला इचारलं, कसा आलाय गं? मी म्हनलं, झ्याक. तवा धोतरात गुंडाळून पेटीत ठिवला.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “जन्मभर मातीत लोळले ते. सकाळी तालमीची, दुपारी पोत्याची. एकदा तरी धुतल्यालं तोंड बघू दे त्यांचं.”

पेढ्याच्या खोक्याची दोरी कुणीतरी उगीच सोडत बसलं होतं. तुम्हाला तो फोटो आवडला होता, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी चिडलो का ओशाळलो, काय ते आठवत नाही. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाला, “आरं, वस्ताद तुझ्या एकट्याचे न्हाइत. तू हुतास कुठं? पाठीवर त्यांचा हात आमच्या पडलाय.”

खोटं नव्हतं ते. मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत. बाजारातून एक सोलापुरी चादर आणलीत आणि म्हणालात, ‘कुठंबी झोपावं लागंल. भुई गार असती.’ बस्स. बाकीच्यांना तुम्ही रोज पहाटे डाव शिकवलेत, घोटून घेतलेत, शिव्या घातल्यात, स्वतःच्या हातानं मालिश केलीत. मला चादर. मी म्हणालो, सही करत नाही. चहा तसाच ठेवून ते उठून गेले. पेढे मात्र राहिले, ते मी खाल्ले.

त्यानंतर आई माझ्याशी बोलेना. ताट पुढं सरकवायची आणि आत जायची. आणि एका सकाळी लुगडं बदलून दारात उभी राहिली. “निदान दाखव तरी मला,” म्हणाली. रिक्षावाल्यानं आम्हाला अध्यक्षाच्या गोदामात नेलं. सिमेंटची पोती, फरशांच्या थप्प्या, आणि एका थप्पीवर बारदानाखाली तुम्ही. अध्यक्षानं स्वतः बारदान काढलं. फेटा, पिळदार मिशा, नजर लांब कुठंतरी. तुम्ही आयुष्यात इतकं लांब कधी बघितलं नाहीत, तुमची नजर समोरच्याच्या गुडघ्यावर असायची. आणि कान! अण्णा, सबंध कान. पाकळीसारखे, एका लहान मुलाचे असावेत तसे. मातीत घासून, डोक्याला डोकं भिडून तुमचे दोन्ही कान मोडलेले, भज्यासारखे गोळा झालेले, त्यावरनं तर परगावचा माणूसही ओळखायचा की हा पैलवान. मी मोठ्यानं हसलो. अध्यक्षाला विचारलं, हे कुणाचे आणले? तो म्हणाला, गुरुपौर्णिमेच्या फोटोची प्रत आमच्याकडं होती, त्यात फेट्यानं कान झाकलेत, कारागिरानं विचारलं, मीच म्हणालो नीट काढा, चांगलं दिसावं. हे सांगताना त्याचे स्वतःचे दोन्ही कान तसेच मोडलेले, तुमच्याच मातीत. मी तोंड उघडलं होतं, त्याला असं काही सोलून काढणार होतो की गोदामातली पोरं महिनाभर सांगत बसली असती.

पण आई पुढं झाली. पदरानं तिनं तुमच्या कपाळावरची सिमेंटची धूळ पुसली, मग फेट्याखालून एका कानाच्या कडेनं बोट फिरवलं.

“लग्नात असंच हुते,” ती म्हणाली.

अध्यक्ष थप्पीवरची एक फरशी उचलून बघायला लागला. मी तुम्हाला बघितलं ते मोडक्या कानांचेच. त्याआधी तुम्ही होतात आणि ते तिनं बघितलेलं होतं, हा विचारच कधी केला नव्हता. निघताना ती अध्यक्षाला म्हणाली, “ऱ्हाऊ दे हितंच. बागंत उन्हानं काळं पडतील.” आता ती अधूनमधून एकटीच जाते. त्यानं तिथं तिच्यासाठी खुर्ची ठेवलीय. त्याच्याबद्दल एवढं एक बरं लिहून ठेवतो, जास्त नाही.

हौद आहे तसा आहे. फरशा काठापर्यंत येऊन थांबल्यात, बाकी बाग जत्रेतल्या पाळण्यासारखी रंगलीय. माझ्यामुळं माती वाचली, असं रिक्षावाल्यानं पोरांना सांगितलंय. परवा ती तेरची पोरगी माझ्या पाया पडली. मी मागं सरकलो, तर तिला वाटलं लाजला. मी पुढच्या आठवड्यात परत निघतोय, बहुतेक हुबळीला. हे पत्र कुठं टाकायचं नाही आणि आईला वाचून दाखवायचं तर मुळीच नाही. कारण पोरांसाठी मी नाही म्हणालो, असं तीही धरून चाललीय. ती मंडळी सही मागायला आली त्या दिवशी तिचं बोलणं ऐकून मी पेनाचं टोपण काढलं होतं, अण्णा. सही करणारच होतो. तुम्ही माझ्या एकट्याचे नाही, असं अध्यक्ष म्हणाला आणि मी टोपण परत लावलं. पोरांचा विचार तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता.