ज्याला आम्ही कारकून म्हणायचो

५ जानेवारी
अ.च्या दोन्ही कानांत आजपासून यंत्रं. नोकरीभर नंदेसरीच्या कारखान्यात कंप्रेसरशेजारी उभा राहिला, त्याचं हे. बसवणारी मुलगी हसरी. ‘काका, केवुं लागे छे?’ अ. म्हणाला, ‘बेन, हवे तमारी काकीनुं बधुं सांभळवुं पडशे.’ आता माझं सगळं ऐकावं लागणार म्हणे.

घरी येताच त्या जर्मनाचा शेवटचा पियानो सोनाटा लावला, म्हाताऱ्या रशियनाने वाजवलेला. आमचा सगळ्यात लाडका. दुसरा भाग सुरू झाला आणि अ.ने हात वर केला. ‘बंद कर. पियानो नाही हा. ताटं घसरतायत.’

७ जानेवारी
पुन्हा तेच. लांब सूर थरथरतो म्हणे, पाण्याखाली धरल्यासारखा. बोलणं मात्र स्वच्छ. कुकरची शिट्टी तर फारच.
‘तू ऐक हेडफोन लावून. मला नंतर सांग.’
काय सांगणार? त्याचे कान गेल्यापासून तशीच ऐकते. एकटीने जेवल्यासारखं.

९ जानेवारी
यंत्रवाल्या मुलीला फोन. लांबलेला सूर यंत्राला स्वतःचीच शिट्टी वाटते, ते त्याला दाबायला जातं. संगीतासाठी वेगळं सेटिंग करून देईल. ‘पण काकी, पहेलां जेवुं तो नहीं थाय.’
पहिल्यासारखं होणार नाही, हे शेवटचं वाक्य अ.ला सांगितलं नाही.

१४ जानेवारी
उत्तरायण. गच्चीगच्चीवर पतंग, स्पीकर, पिपाण्या, ‘काप्यो छे!’ अ.ने यंत्रं डबीत ठेवली आणि शांतपणे उंधियू खाल्लं. अख्ख्या बडोद्यात आज हा एकटा सुखी.

१७ जानेवारी
नवं सेटिंग. म्हातारा तरी थरथरतोच. अ. उठायला लागला. हाताला आली ती सीडी लावली: कारकुनाची. तोच सोनाटा, वाजवणारा दुसरा; हे आमचंच ठेवलेलं नाव. पेडल दाबून सूर लांबवणं जवळजवळ नाही. सूर वाजला की उचललाच, फायली लावतोय जणू. भेट आलेली, म्हणून टाकली नव्हती इतकंच.
अ. पुन्हा बसला.
‘हा डावा हात ना?’
‘हो.’
‘स्वच्छ आहे गं.’
पूर्ण ऐकला. दोघांनी.

१८ जानेवारी
इतकी वर्षं त्याला कंजूष म्हटलं. तो दोन सुरांमधली जागा झाडून ठेवतो. कुणीही यावं, बसावं. खालच्या पट्टीतला सुरांचा तो जिना मी आजवर ऐकलाच नव्हता. म्हाताऱ्याच्या धुक्यात तो कायम बुडालेला.
या माणसाचे आभार कुठे मानायचे? वारला असेल बहुतेक.

२१ जानेवारी
अ.: ‘सोनाटा लिहिणारा बहिरा, ऐकणारा बहिरा. मधला वाजवणारा तेवढा धड.’
मग: ‘पण तिसऱ्या व्हेरिएशनला घाई करतो.’
‘अजिबात नाही.’
‘करतो. नाचायला निघालाय.’
‘लिहिलंयच तसं.’
जेवण होईपर्यंत भांडलो. भांडता आलं. पानावरून उठवेना.

२६ जानेवारी
सुट्टी. अ. म्हणाला, ‘आज म्हातारा.’
‘त्रास होईल.’
‘लाव.’
दुसऱ्या भागापर्यंत तग धरला. मग दोन्ही यंत्रं काढून मुठीत घेतली. ‘तू ऐक. मी बसतो.’ उठून गेला नाही. डोळे मिटून शेजारीच.
शेवटी उजव्या हाताचं ते कंपन, वर, अगदी वर. म्हातारा इतका सावकाश, की थांबेल अशी भीती वाटते. त्या भीतीसाठीच तो हवा असतो. मग साधे तीन-चार सूर. संपलं.
अ.ने डोळे उघडले. ‘झालं का?’
सीडी थांबली होती, तरी मी मान हलवली. अजून नाही.
त्याने परत डोळे मिटले.