सत्त्याण्णव अंश

३ मार्च, सोमवार

सत्त्याण्णव अंश! पाणी उकळायला तीनच कमी. आणि हे आमच्या धाकटीच्या टेबलाखाली, रोज!

कॉम्प्युटर आज चौथ्यांदा आपोआप बंद पडला. ती घरबसल्या एका बिल्डरच्या ऑफिससाठी न बांधलेल्या घरांच्या फिल्म बनवते. दार उघडतं, आपण आत जातो, खिडकीतून ऊन येतं. शुक्रवारी चारपर्यंत फिल्म द्यायची आहे. याआधी दोनदा उशीर झालाय. तिच्या मॅडम म्हणाल्या, "आता झाला तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." धाकटी हे सांगताना हसत होती. तिचं ते हसणं मला ठाऊक आहे. लहानपणी गुडघा फुटला तरी अशीच हसायची.

आतल्या प्रोसेसरवरचा पंखा मेलाय म्हणे. नवा कूलर हवा. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "खिडकीत बसवायचा का?"

४ मार्च, मंगळवार

दोघी दुकानात गेलो. पाण्यावर चालणाऱ्या कूलरची किंमत ऐकली आणि मी स्टुलावर बसलेच. तेवढ्यात आमचा फ्रीज आला होता!

दुकानदार समजूतदार. "मावशी, हवेवरचा घ्या. पंखा, पत्रे आणि तांब्याच्या नळ्या. गळायची भीती नाही." त्याने काढून दिलेला एकशे साठ मिलिमीटर उंच. मी पर्समधून शिवणाची टेप काढली. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या आतलं माप घरूनच घेऊन गेले होते — एकशे पंचावन्न. झाकण लागलंच नसतं. तो बघतच राहिला. "मावशी, तुम्ही काउंटरवर बसा, मी घरी जाऊन झोपतो." मग एकशे अठ्ठेचाळीसचा घेतला, वर स्वस्तही. मॅट्रिकचं गणित वाया गेलं नाही.

५ मार्च, बुधवार

कॅबिनेट उघडलं आणि शरमच वाटली. माझ्या घरात एवढी धूळ? मूठभर निघाली.

धाकटीने जुना पंखा काढला. नव्या कूलरचा तळ म्हणजे नुसता आरसा. त्यावरचं पातळ, पारदर्शक प्लास्टिक तिने सोलून टेबलाच्या कडेला चिकटवलं, तेवढ्यात मॅडमचा फोन आला म्हणून गॅलरीत गेली. मी कणीक मळत होते, तशाच हातांनी पुढे आले. एवढं लखलखीत तांबं धुळीत उघडं? ते प्लास्टिक नीट, एकही सुरकुती न पडता परत लावून ठेवलं. आमच्या रिमोटवरचं सात वर्षं टिकलंय, ते उगाच नाही.

ती आली, प्रोसेसरवर उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावली, कूलर ठेवला. मी बॅटरी धरली. एक स्क्रू इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा पिळत. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पंखा फिरू लागला, आवाज नाही.

दहा मिनिटांत सत्त्याण्णव. बंद.

धाकटी खुर्चीत बसून राहिली. जेवली नाही.

६ मार्च, गुरुवार

सकाळी बिल घेऊन एकटी दुकानात गेले. चार गिऱ्हाइकांसमोर बोलले — "स्वस्त मागितला म्हणून भंगार गळ्यात मारलंत? एका मुलीची नोकरी जाईल तुमच्यापायी." त्याचे कान लाल झाले. एवढंच म्हणाला, "मावशी, दुपारी दुकान बंद करून येतो."

आला. स्क्रू काढले, कूलर उलटा केला. नखाने कड उचलली — आणि प्लास्टिक सोललं गेलं. तळाचं.

माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

त्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटी हसली. "माझीच चूक, काका. घाईत काढायचं राहिलं." मग तो तिलाच ओरडला, "एवढी शिकलेली मुलगी तू! प्लास्टिकमधून उष्णता जाईल कशी?" मी उभी होते. तोंड उघडलं नाही. देवा, तोंडच उघडलं नाही!

नवी पेस्ट लावून बसवला. बासष्ट अंश. तो पाणीही न पिता गेला. धाकटी कामाला लागली.

७ मार्च, शुक्रवार

पावणेचारला फिल्म गेली. मॅडमनी आणखी दोन करायला दिल्या.

देवासमोर बसले, पण पोथीची एक ओळ पुढे सरकेना. सांगायला धाकटीच्या दाराशी दोनदा जाऊन परतले. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "आई, काही हवंय का?"

म्हटलं, "कात्री."

प्लास्टिक आपण काढलंय असं तिला वाटत होतं, तरी दोष घेतला. स्वतःवरचाच विश्वास उडाला असेल पोरीचा. आणि तो बिचारा चार माणसांत माझं ऐकून घेत राहिला. उद्या आधी त्याला सांगायचं, मग तिला.

८ मार्च, शनिवार

सांगितलं. गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच सांगितलं. तो वायर गुंडाळत होता, तशीच गुंडाळत राहिला. म्हणाला, "मावशी, त्या प्लास्टिकच्या चिकट बाजूला कणकेचा अंगठा उमटला होता. आम्हा दोघांनाही दिसला. तिने डोळ्यांनी खुणावलं, म्हणून मी तिला ओरडलो."