हॉबर्टचा वायपर

२२ मे, सोमवार
मला लिहिता येत नाही. मी सांगते, सून वांडा लिहिते. वांडा, हसलीस तेही लिही.
रविवारी घाटापलीकडे दफनभूमीत फुलं वाहायची. हॉबर्टच्या, म्हणजे माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या, जुन्या गाडीतून जाणार. मीच चालवणार. मुलगा डेल्मर म्हणाला, वायपर बंद, रविवारी पाऊस सांगितलाय. वायपर चालला नाही तर सोमवारी गाडी त्या जुन्या गाड्यांच्या शौकिनाला देऊन टाकू.
म्हटलं, उद्यापर्यंत चालू करून दाखवते. त्यात काय आहे? वीजबीज नाही. इंजिन नळीतून हवा ओढतं, त्या ओढीवर वायपर फिरतो. नळीनं ताक प्यावं तसं.

२३ मे, मंगळवार
दोष नळीचा. रबर तडकलंय, मी लगेच ओळखलं. डेल्मर म्हणतो, त्यानं महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. मोठ्यानं सांगायचं मग.
नवी नळी लावली. वायपर अर्ध्यात गेला, थांबला. लाजत असेल.
हॉबर्टसाठी कागदाची बारा फुलं केली. पावसात टिकावीत म्हणून मेणात बुडवली. दरवर्षी बाराच.

२४ मे, बुधवार
वायपरची डबी उघडली. आत कातड्याची झडप, सफरचंदाच्या वाळल्या फोडीसारखी कडक. डेल्मर म्हणाला, खास तेल आणतो. कशाला? चुलीजवळ बेकनच्या चरबीचा डबा आहे. तीन पिढ्यांचे बूट तिनंच मऊ ठेवले. चोपडली. वायपर सपासप!
मेकॅनिक लोक उगाच शिकत बसतात.

२५ मे, गुरुवार, सकाळी सहा
गारठा. चरबी थिजली. वायपर हलेना. कुत्रा गाडीपासून हलेना.
डेल्मर म्हणाला, आई, वायपर दुरुस्त करतेस की तळतेस? मग सगळं पुसून त्यानं खोगिराचं तेल लावलं. लावू दिलं. मुलांनाही आपण उपयोगाचे आहोत असं वाटायला हवं.

२६ मे, शुक्रवार
गाडी कोठारात उभी करून इंजिन चालू केलं. वायपर पाखरासारखा. जिंकले.
वांडाला सांगितलं, पावसात घाट चढताना हॉबर्ट दर वळणाला गाडी हळू करायचा. छत्तीस वर्षं. का, ते कधी बोलला नाही. पण पावसात माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून, दुसरं काय! असा नवरा मिळायला नशीब लागतं.
वांडा म्हणाली, माझा तर कोरड्या हवेतही ऐकत नाही.

२७ मे, शनिवार
ढग. डेल्मर तिसऱ्यांदा म्हणाला, आई, माझ्या गाडीतून चल. शौकिनाचा फोन येऊन गेला. मला काळजी नाही. जेवण गेलं नाही ते मक्याचा पाव कच्चा होता म्हणून.

२८ मे, रविवार
पाऊस. सपाटीवर वायपर झकास. शेजारी डेल्मर, हात दाराच्या कडीवर. घाट लागला. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि वायपर काचेच्या मधोमध थांबला. पुढे नुसतं पाणी. डावीकडे दरी.
डेल्मर ओरडला, आई, पाय उचल!
उचलला. सप्प. काच स्वच्छ. दाबला. पुन्हा बंद.
म्हणाला, अगं, चढाला इंजिनाचीच दमछाक, वायपरला ओढ कुठून देणार? वळण आलं की पाय उचलायचा, काच पुसून घ्यायची, मग दाबायचं. बाबा दर वळणाला हेच करायचे की!
पाय उचलला, काच पुसून घेतली, दाबला. चौदा वळणं.
वर पोचल्यावर डेल्मरनं घाम पुसला. म्हणाला, ठेव गाडी, द्यायची नाही कुणाला.
वांडा विचारते, शुक्रवारचं पान फाडू का? राहू दे.
हॉबर्टला अकरा फुलं वाहिली. बारावं वायपरला खोचून परत आणलं.